आपला तुरुंग

आमच्या ताईंना राज्य हवं होतं ते तुरुंगासाठी.

बाकीच्यांना कशासाठी हवं होतं ते भिंतीभिंतीवर रंगवलेलं होतं. स्वाभिमान, हक्क, आपला कारभार आपल्या हाती. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, राज्य मागणी समितीचे चिटणीस. त्यांना झोपेतून उठवलं तरी ते आधी 'दुय्यम नागरिकत्व' म्हणायचे आणि मग डोळे उघडायचे. ताईंना यातलं काहीच नको होतं. त्यांना एक तुरुंग हवा होता, चांगला भक्कम, उंच भिंतींचा, आपल्या गावात. शक्यतो बसच्या रस्त्यावर.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आमची लॉन्ड्री आहे. कपडे घेतो आम्ही, पण खरं काम चादरींचं. दवाखान्याच्या, दोन हॉटेलांच्या आणि सरकारी विश्रामगृहाच्या चादरी आमच्याकडे येतात. कुणाची कुठली ते कळावं म्हणून कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचे दोन टाके घालतो. दवाखान्याचा लाल, विश्रामगृहाचा निळा, हॉटेलांचे हिरवा आणि काळा. धंदा भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी सुरू केला आणि ते गेल्यावर आम्ही दोघी जावांनी चालवला. आमच्या ह्यांनीही चालवला, असं हे भाषणात सांगतात.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी दोन टोकांना उभ्या राहतो, ताणतो, झटकतो, मग चालत एकमेकींकडे येतो. मी माझी टोकं ताईंच्या हातात देते आणि खालची घडी उचलते. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. दिवसभर आम्ही अशा समोरासमोर येत असतो. कितीही भांडण झालं तरी या धंद्यात अबोला धरायची सोय नाही.

ढब्बू हा ताईंचा मुलगा. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून ढब्बू. आता त्याची काठी झालीय, पण नाव काही वाळत नाही. त्यानं माणूस मारला. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात सगळे 'ते जे झालं' असं म्हणतात, आणि ते झालं नव्हतं, त्यानं केलं होतं. मालाच्या गाडीवर होता. गोदीच्या दारात रांगेवरून कुणाशी तरी जुंपली आणि ह्याच्या हातात पाना होता. तो मेलेला पोरगाही कुणाचा तरी ढब्बूच होता. त्याच्या आईला मी बाजारात बघते आणि रस्ता बदलते. कोर्टानं जन्मठेप दिली. ती आमच्यापैकी कुणालाच अन्यायाची वाटली नाही, ताईंनाही नाही.

अन्याय वाटला तो पुढचा. आम्ही देशात आहोत, पण राज्य नव्हतो, प्रदेश होतो. आमचा प्रशासक राजधानीतून यायचा, न्यायाधीश तिकडून यायचे. संसदेत आमचा एक खासदार होता, त्याला बोलता यायचं पण मत देता यायचं नाही. लग्नाच्या फोटोत कडेला एक काका उभे असतात ना, तसा. आणि मोठ्या शिक्षेचे कैदी ठेवायचा अधिकार प्रदेशाला नसतो. इथे होती ती फक्त पोलीस चौकीमागची कोठडी. शिक्षा झाली की माणूस बोटीत घालून पलीकडे, मुख्य भूमीवरच्या तुरुंगात. बोटीचा प्रवास, मग दिवसभराची गाडी, मग काचेच्या अलीकडून वीस मिनिटं. आमची बोली तिथल्या शिपायांना कळायची नाही, म्हणून कैद्यानं आईशीसुद्धा त्यांना कळेल अशा भाषेत बोलायचं, असा तिथला नियम. ताईंना ती भाषा धड येत नाही. त्या वर्षातून एकदा जायच्या आणि वीस मिनिटं बऱ्यापैकी नुसत्या बघून यायच्या.

मग त्यांचं हृदय बिघडलं. डॉक्टरांनी सांगितलं, बोट बंद, जिने कमी, काळजी कमी. "काळजी कशी कमी करायची ते लिहून द्या," ताई म्हणाल्या. डॉक्टर हसले आणि गोळ्या लिहून दिल्या. त्यानंतर ताईंनी पोराला पाहिलेलं नाही. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो, दुपारी, लॉन्ड्रीतल्या फोनवर. फोनला तो भाषेचा नियम नाही, आपल्या बोलीत बोलता येतं. आमचे हात ओले असतात म्हणून तो स्पीकरवर लावतो.

तर एके दिवशी हे जेवताना राज्याच्या विधेयकाचा मसुदा वाचत होते. हे काहीही जेवतानाच वाचून दाखवतात, कारण तेव्हा आम्हाला उठून जाता येत नाही.

"राज्याला स्वतःचं उच्च न्यायालय, स्वतःचं पोलीस दल, स्वतःची विद्यापीठं, स्वतःची कारागृहं..."

"परत वाचा," ताई म्हणाल्या.

ह्यांना उभ्या जन्मात कुणी 'परत वाचा' म्हटलेलं नव्हतं. ते इतके खूश झाले की पहिल्या पानापासून परत वाचलं. ताईंचा घास हातातच राहिला होता. मी बघत होते, त्यांनी फक्त एका शब्दाशी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ताई समितीच्या झाल्या. सभेला पहिल्या रांगेत, मोर्च्यात झेंड्याशेजारी. समितीचे कापडी फलक आम्ही फुकट धुऊन द्यायला लागलो, तेही इस्त्री करून. चुरगळलेल्या फलकावर हक्क मागितले तर कोण देईल, असं त्यांचं म्हणणं. शेजारचा औषधवाला राज्याच्या विरोधात होता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो आमच्या दारात येऊन उभा राहायचा.

"राज्य झालं की कर वाढतील, मंत्री वाढतील, मंत्र्यांचे मेहुणे वाढतील."

"वाढू देत," ताई म्हणायच्या.

"आता केंद्र पोसतंय आपल्याला. उद्या आपलं आपण बघायचं म्हटलं तर दिवाळखोरी ठरलेली."

"बघू की आपलं आपण."

"अहो पण तुम्हाला काय मिळणार त्यातून? तुमच्या चादरी त्याच आणि तुम्ही त्याच."

ताई यावर पुढची चादर उचलायच्या. तुरुंग हवाय हे तोंडानं म्हणायची त्यांना लाज वाटायची. सगळे एवढे मोठाले शब्द घेऊन उभे असताना त्यात आपला एक तुरुंग कुठे ठेवायचा? ह्यांना अंदाज नसेल असं नाही, पण ह्यांना 'कष्टकरी स्त्रीचा पाठिंबा' हवा होता, तो मिळत होता. आतलं कारण उकरून काढायची त्यांना गरज नव्हती.

मला कळलं ते चादरींमुळे. विश्रामगृहानं काही चादरी बाद केल्या होत्या, कडेला जरा विरलेल्या. ताईंनी त्यातल्या दोन चांगल्या निवडल्या, कडा दुमडून शिवल्या, निळा दोरा उसवला आणि त्याजागी पिवळा घातला. पिवळा दोरा आमच्या कुठल्याच गिऱ्हाइकाचा नव्हता.

"हे नवीन गिऱ्हाईक कोण?" मी विचारलं.

"तुरुंगात घरची चादर चालते का गं?"

"कुठल्या तुरुंगात?"

"आपल्या," ताई म्हणाल्या.

मी हसले. म्हटलं, "आधी तुरुंग बांधू तरी देत, तुम्ही तर गादी घालायला निघालात." त्याही हसल्या. मग त्यांनी त्या दोन चादरी आणि एक उशीचा अभ्रा वरच्या फळीवर ठेवला, पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा जागी. त्यानंतर रोज एकदा तरी त्या वर बघायच्या. मला त्यांची चेष्टा करवेना.

त्या वर्षी संसदेची समिती आली. प्रदेशाला राज्य करावं की नाही ते इथल्या लोकांकडून ऐकून घ्यायचं आणि संसदेला सांगायचं, असं त्यांचं काम. उतरले विश्रामगृहात, म्हणजे त्यांची धुणी आमच्याकडे. अध्यक्ष एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, चेहऱ्यानं मऊ. सदस्यांत एक उंच, सडपातळ गृहस्थ होते. त्यांचा सदरा पहिल्याच दिवशी आमच्याकडे परत आला, कॉलरला खळ कमी पडली म्हणून. त्यांच्या अंगावर कधी सुरकुती दिसली नाही, कपड्यावरही आणि चेहऱ्यावरही. मी त्यांचं नाव 'परीटघडी' ठेवलं. ते राज्याच्या विरोधात आहेत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

समितीसमोर कुणी बोलायचं ते ह्यांनी ठरवलं होतं. एक वकील, एक प्राध्यापक, एक बंदरातला कामगार, आणि कष्टकरी स्त्री म्हणून ताई. ताईंचं भाषण ह्यांनी लिहून दिलं आणि ताईंनी ते घडी घालता घालता पाठ केलं. त्या मागे जाताना म्हणायच्या, "आम्ही या देशाची सावत्र लेकरं नाही," आणि पुढे येताना मी आठवण करून द्यायची, "समान कर्तव्यं." त्या म्हणायच्या, "समान कर्तव्यं असतील तर समान हक्क का नाहीत?" आठवडाभरात दवाखान्याच्या सगळ्या चादरींना समान हक्क पाठ झाले असते.

नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी झाली. गर्दी एवढी की खिडक्यांतही माणसं बसलेली. वकील बोलले, प्राध्यापक जरा जास्तच बोलले. मग ताईंना बोलावलं. त्यांनी माझाच हिरवा स्वेटर घातला होता, त्यांचे सगळे कोपरात विरलेले. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आम्ही या देशाची सावत्र लेकरं नाही." आणि थांबल्या.

मी ओठ हलवून 'समान कर्तव्यं' म्हणत होते. पण आमच्यामध्ये चादर नव्हती, त्यांना माझ्याकडे बघायची सवयच नव्हती अशी.

अध्यक्षबाई पुढे झुकल्या. "पाठ केलेलं राहू द्या," त्या प्रेमानं म्हणाल्या. "तुमचं तुम्ही सांगा. राज्य झालं तर तुमच्या आयुष्यात काय बदलेल?"

ताईंचा चेहरा असा मोकळा झाला की काय सांगू. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

"तुरुंग होईल," त्या म्हणाल्या.

सभागृह हसलं. खिडकीतले तर पडायचेच बाकी होते. ताई थांबल्या, हसणं संपू दिलं, मग बोलायला लागल्या. ढब्बूनं काय केलं ते सांगितलं, काही लपवलं नाही. बोट सांगितली, काच सांगितली, दुसऱ्याच्या भाषेत पोराला 'जेवलास का' विचारायचं म्हणजे काय ते सांगितलं. "त्याला सोडा असं मी म्हणत नाही. त्याची शिक्षा त्यानं भोगायचीच. पण त्याच्याबरोबर मला कशाला पलीकडे टाकलंत? आमचं राज्य झालं तर तुरुंग इथे होईल. मी बसनं जाईन." अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. आता कुणी हसत नव्हतं. माझ्या शेजारचा औषधवाला नाक पुसत होता. मला वाटलं, जिंकलं. खरंच वाटलं.

मग परीटघडींनी माइक जवळ घेतला.

"आई, तुमच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे," ते म्हणाले. आवाजसुद्धा इस्त्रीचा. "मला एवढंच समजून घ्यायचंय. तुरुंग तो तुरुंगच. इथे असला तर तिथल्यापेक्षा वेगळं काय असेल?"

"असं कसं साहेब," ताई म्हणाल्या. एवढा मोठा माणूस आपल्याला आई म्हणतोय, समजून घेतोय, त्याला नीट समजावून सांगायला नको का? "आपली माणसं असतील ना. शिपाई म्हणजे कुणाचा तरी पुतण्या, कुणाचा भाचा. वीस मिनिटं झाली म्हणून दंडाला धरून उठवणार नाही. जरा पाठ करून उभा राहील. डबा आत नेऊ देईल. पोराला ताप असला तर निरोप तरी पाठवील."

"म्हणजे नियम थोडे सैल होतील?"

"होतीलच की," ताई म्हणाल्या. "घरचे म्हटल्यावर होणारच."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांचा चेहरा धुतलेल्या अभ्र्यासारखा पांढरा पडला होता. परीटघडींनी काहीतरी लिहून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "धन्यवाद. फार मोलाचं बोललात."

घरी येताना ताई जवळजवळ तरंगत होत्या. "सगळं ऐकून घेतलं गं त्यांनी. तो उंच माणूस वाटतो तसा नाही, चांगला आहे." हे पुढे चालत होते, मान खाली घालून. मी म्हटलं, "हो ताई, चांगला आहे." दुसरं काय म्हणणार होते?

उन्हाळा गेला आणि विधेयक संसदेत आलं. त्या दिवशी गावात दुकानं अर्धी उघडी, अर्धी बंद, सगळे टीव्हीपुढे. आमचाही टीव्ही ड्रायरच्या वर टांगलेला आहे, आणि ड्रायर बंद केल्याशिवाय त्यातलं काही ऐकू येत नाही. आम्ही ड्रायर बंद केला होता. घड्या मात्र घालत होतो, दवाखान्याचं काम थांबवून चालत नाही.

त्याआधी सकाळी हे लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत आले, जिथे साबणाचे डबे ठेवतो. मी एकटीच होते.

"राजधानीतून फोन होता," हे म्हणाले. "विरोधकांनी एक दुरुस्ती मांडलीय. ती मान्य केली तर ते विधेयकाला आडवे येणार नाहीत. आपल्या समितीचं म्हणणं काय, ते विचारत होते."

"काय दुरुस्ती?"

"पोलीस आणि तुरुंग केंद्राकडेच राहतील. परिस्थिती अनुकूल होईपर्यंत."

"आणि समितीचं म्हणणं काय?"

ह्यांनी साबणाचा एक डबा उचलून दुसऱ्यावर ठेवला. या घरात एवढ्या वर्षांत ह्यांनी उचललेला हा बहुधा पहिलाच डबा. "मान्य केलं आम्ही."

"तुम्ही हो म्हणालात?"

"सगळेच हो म्हणाले. अगं, बाकी सगळं मिळतंय. मताचा हक्क, आपलं सरकार, न्यायालय, विद्यापीठ. आधी राज्य तर पदरात पाडून घेऊ, तुरुंगाचं मग बघता येईल."

"बाकी सगळ्याचं आमच्या घरात काय करायचं?" मी म्हणाले. "विद्यापीठ कुठे मांडू? फ्रिजवर?"

"एका मुलासाठी सगळ्या प्रदेशानं थांबायचं का? तू सांग. तू म्हणशील ते मी आत्ता फोन करून सांगतो."

'करा फोन' असं मी म्हटलं नाही. त्याचा मला अजून राग येतो. त्या माणसानं अर्धं आयुष्य चपला झिजवल्या होत्या या राज्यासाठी, आणि तो जे विचारत होता ते चुकीचं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "त्यांना तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही." हे हो म्हणाले. आणि समितीच्या कार्यालयात निघून गेले.

त्यामुळे ताईंना सांगितलं ते परीटघडींनी.

टीव्हीत ते उभे राहिले तेव्हा आम्ही चादर ताणून उभ्या होतो. "हे बघ, आपले साहेब," ताई म्हणाल्या. परीटघडी आधी प्रदेशाच्या निसर्गाबद्दल बोलले, मग लोकांच्या साधेपणाबद्दल. मग म्हणाले, "तिथल्या एका मातेनं समितीसमोर जे सांगितलं ते मी विसरू शकत नाही. अत्यंत प्रामाणिक बाई. खुनाच्या गुन्ह्यात मुलगा शिक्षा भोगतोय. ती म्हणाली, तुरुंग आमच्या हातात आला की शिपाई आमचेच असतील, ते पाठ करून उभे राहतील, नियम सैल होतील. मी त्या मातेला दोष देत नाही. मी सभागृहाला विचारतो, मेलेल्या मुलालाही आई होती. तिनं कुणाकडे बघायचं? राज्य द्यायचं तर द्या. पण कायद्याच्या किल्ल्या इतक्यात देऊ नका."

सभागृहात बाकं वाजली. आमच्या बाजूच्या बाकांवरूनही वाजली.

ताईंनी चादर सोडली नाही. ती तशीच ताणून धरून त्या टीव्हीकडे बघत राहिल्या. दुरुस्ती वाचली गेली, मंजूर झाली. मग विधेयक मंजूर झालं. बाहेर एकदम भोंगे, शिट्ट्या, बंदरातल्या बोटींचे कर्णे. रस्त्यावर कुणीतरी रडत होतं आनंदानं. आम्ही राज्य झालो होतो.

"माझ्यामुळे?" ताईंनी विचारलं.

"नाही हो ताई. ते आधीच ठरलेलं असतं सगळं. तुमचं नुसतं निमित्त."

"तू खोटं बोललीस की टोक सैल सोडतेस," त्या म्हणाल्या.

मी खाली बघितलं. माझ्या बाजूची चादर जमिनीला लागली होती. ती परत धुवायला टाकावी लागली.

संध्याकाळी मिरवणूक निघाली. तीही आमच्याच रस्त्यानं, आणि नेमकी लॉन्ड्रीसमोर थांबली. समितीची पोरं आत आली. "मावशी कुठेत? मावशींना ट्रकवर घ्या!" सुनावणीत ताईंनी घोटाळा केला म्हणून हीच पोरं तेव्हापासून तोंड फिरवून जात होती. आता राज्य मिळालं होतं, सगळे मोठ्या मनाचे झाले होते. मला वाटलं, ताई त्यांना हाकलून देतील. मी तर त्यांच्यासाठी शिव्या जुळवूनच ठेवल्या होत्या. पण ताईंनी ओले हात पुसले आणि निघाल्या.

ट्रकवर आमचे हे होते. ह्यांनी हात दिला, तो धरून ताई वर चढल्या. वर गेल्यावर दोघं शेजारी उभे राहिले. लॉन्ड्रीच्या दारातून मला दिसत होतं, ह्यांनी त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि ताईंनी मान हलवली. नंतर मी ह्यांना विचारलं काय बोललात. "वहिनी, मला माफ करा, म्हटलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, भावजी, धरायला काही आहे का, ट्रक हलतोय."

औषधवाल्यानं सगळ्यांना फुकट थंड पाणी वाटलं. तो म्हणाला, आता झालंच आहे तर आपलंच आहे. ताई ट्रकवर एका हातानं दांडा धरून उभ्या होत्या आणि दुसरा हात हलवत होत्या. कुणीतरी त्यांच्या गळ्यात कागदी फुलांचा हार घातला होता. वळणापाशी ट्रक दिसेनासा होईपर्यंत त्यांचा हात हलताना मला दिसत होता.

ढब्बूचा फोन त्याच आठवड्यात आला. त्याचा ठरलेला दिवस तोच होता. इस्त्रीच्या रोलरवर विश्रामगृहाच्या चादरी चालल्या होत्या. मी रोलर थांबवला आणि कोपरानं स्पीकरचं बटण दाबलं.

"आई! झालं ना गं राज्य?"

"झालं रे."

"आम्ही टीव्हीवर बघितलं. आपल्याकडचे सगळे नाचलो इथे. ते फलक पकडून उभी होतीस का तू? काकू आहे का?"

"आहे मी," मी म्हणाले.

"आई, मग कधी आणणार म्हणे आम्हाला?"

टीव्ही तिथे किती वेळ लावतात ते मला माहीत नाही. दुरुस्तीचं त्यानं ऐकलंच नव्हतं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून सांगत होते, सांगून टाका. आज ना उद्या कळेलच, मग तुमच्या तोंडून का नको? ताईंनी माझ्यावरची नजर काढली.

"नवीन आहे ना राज्य," त्या म्हणाल्या. "वेळ लागतो."

"हो, इमारत बांधावी लागेल."

"हो. इमारत बांधायचीय."

"आई, ऐक ना. मी इथे गवंडीकाम शिकलोय. तुला सांगितलं नव्हतं, म्हटलं हात बसू दे आधी. आता भिंत सरळ येते माझी, मास्तरसुद्धा म्हणतात. तू काकांना सांग ना, तुरुंग बांधायला आम्हालाच घेऊन या म्हणावं. आपल्याकडचे आम्ही बरेच जण आहोत. आमचा आम्ही बांधतो. लवकर होईल."

"सांगते हं काकांना."

"काका आता मोठे झाले असतील. ऐकतील ना त्यांचं?"

"ऐकतील की," ताई म्हणाल्या.

मी तोंडावर ओला टॉवेल धरला होता. पलीकडून शिपायाचा आवाज आला, वेळ झाल्याचा. ढब्बू घाईनं बोलायला लागला. "आई, एकच. निघताना अंथरूण-पांघरूण इथलं बरोबर आणू का? का तिकडे मिळेल?"

"काही आणू नकोस," ताई म्हणाल्या. "मी धुऊन ठेवलंय."

फोन बंद झाला. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "असं कसं सांगितलंत? तो वाट बघत बसेल ना तिथे! भिंती बांधत बसेल मनातल्या मनात!"

"बसू दे," ताई म्हणाल्या. "दुसरं काय आहे त्याला तिथे?"

मग त्यांनी स्टूल ओढलं. हृदयासाठी जिने कमी सांगितलेत, स्टूल तर बंदच आहे, पण माझं त्यांनी ऐकलं नाही. वरच्या फळीवरून पिवळ्या दोऱ्याच्या दोन्ही चादरी आणि तो अभ्रा काढला. नाकाशी धरून वास घेतला.

"ठेवून ठेवून कुबट झाल्यात," त्या म्हणाल्या. "महिन्याला एकदा काढून धुवायला पाहिजेत."

त्या दिवशी आम्ही दवाखान्याच्या चादरी बाजूला ठेवल्या आणि आधी या धुतल्या, चांगल्या कडकडीत पाण्यात. वाळवल्या, रोलरवरून काढल्या. मग ताई एका टोकाला जाऊन उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "धर. आणि नीट ताणून धर."

मी माझी दोन्ही टोकं धरली.